मदत हवी आहे : पालिका शाळेतल्या बालवाडीचा खर्च कुठल्या खात्यात मागायचा?

नमस्कार मंडळी. राहायला नवी मुंबईत, मुलगी पालिकेच्या शाळेत दुसरीत. यंदा शाळा व्यवस्थापन समितीवर माझी वर्णी लागली आणि शाळा विकास आराखडा गळ्यात पडला.

शाळेला बालवाडी जोडलेली आहे. तिथले नळ मोठ्या मुलांच्या उंचीचे. चार वर्षांचं पोर टाचा उंचावतं, तरी तोटीपर्यंत हात पोचत नाही, मग मावशी मगाने पाणी देतात. दोन नळ खाली घ्यायचे, बस्स.

पण पैसे कुठून? शिक्षण हक्क कायदा २००९चा, हमी ६ ते १४ वयाची. त्याआधीच्या मुलांबद्दल कलम ११ म्हणतं, शासन सोय करू 'शकेल'. म्हणजे बंधन नाही. समग्र शिक्षा या शालेय शिक्षणाच्या सरकारी योजनेचा पैसा केंद्र-राज्य ६०:४० असा येतो. त्यातल्या शाळा अनुदानाचा किमान १० टक्के भाग स्वच्छतेसाठी ठेवावा लागतो. अंगणवाडीचं बघायला महिला व बालविकास विभाग आहे, पण आमची बालवाडी त्यात मोडत नाही.

शिक्षण हक्क कायद्याच्याच कलम २२ प्रमाणे आपला आराखडा हाच अनुदानाचा आधार, म्हणून मोघम लिहायचं नाहीये.

तर जाणकारांनो, हे नळ त्या १० टक्क्यांत बसवता येतात का? की पालिकेच्या शिक्षण विभागाच्या अंदाजपत्रकातच मागणी टाकावी? ठाणे, कल्याणकडच्या कुणी बालवाडीसाठी असं काही मंजूर करून घेतलं असेल तर लेखाशीर्षाचं (खर्च ज्या सदराखाली दाखवतात त्याचं) नाव सांगा. ठरावाचा नमुना मिळाला तर फारच बरं, आमच्यात सरकारी मराठी कुणालाच जमत नाही!