त्या काळी लॅक्मे कोठचं व माय?

ग्रुप: वाड्यातली मंडळी

सोनल (पुणे): काल ती 1942 सालात घडणारी सिरियल पाहिली का कोणी? नायिका आरशासमोर बसलीय आणि टेबलावर लॅक्मेची लिपस्टिक! नाव चक्क वाचता येत होतं.

पिंटू: मंग काय झालं? टाटानं काढलेली जुनीच कंपनी हाय न ते.

सोनल: जुनी म्हणजे 1952 ची रे. फ्रेंच ऑपेरावरून नाव ठेवलं, अर्थ आपली लक्ष्मीच. हिला दहा वर्षं आधीच कुठून मिळाली?

मंगलाकाकू: मी नाव नाही वाचत बापा, बूच पाहून वळखतो. तीस वर्षं दारव्ह्यात कटलरीचं दुकान काय उगीच चालोलं? ते बूच मागच्या दिवाळीच्या मालाचं होतं. तसेच चार नग माह्या काउंटरवर पडून हायेत.

पिंटू: आजीले विचारलं. म्हणते, "तवा तोंडाले लावाले अफगाण स्नो राहे. माह्या मायच्या पेटीत काचेची बरणी होती. बोटाच्या टोकावर इत्तुसाच घ्याचा आन् मानेलोक जिरवत न्याचा, नाही तं तोंड गोरं आन् मान कायी." बरणी अजून हाय. त्यात बटनं ठेवते.

सोनल: आजी एकदम बरोबर! मुंबईच्या पाटणवालांचा तो, 1919 पासूनचा. टेबलावर तोच हवा होता.

विनोददादा: त्याचे पैसे कोण देईन? सिरियलमंदी ज्या कंपनीनं पैसे मोजले तिचं लेबल कॅमेऱ्याकडं, बाकीच्यायच्या डब्यायले कायी टेप.

मंगलाकाकू: फुकटातही जाहिरात होते. झंडू बाम आठवा, 2010 चा दबंग. गाण्यात नाव आलं तं कंपनीनं पयले नोटीस धाडली, मंग त्या गाण्यात नाचणाऱ्या मलायकालेच जाहिरातीत घेतलं. आपल्या इथं डोकं न दुखता पोट्टे बाम मांगत होते.

पिंटू: पण काकू, बाम कॉस्मेटिक नोहे.

विनोददादा: मंग विको टर्मरिक घ्या. टॉकीजमंदी पिक्चरच्या आधी त्याची जाहिरात पाठ होये.

मंगलाकाकू: तेही नोहे! जाहिरातीतच सांगत.

विनोददादा: जाहिरातीतच नाही, कोर्टातही सांगत. एक्साईजवाले म्हणत कॉस्मेटिक, म्हणजे कर जास्त. कंपनी म्हणे आयुर्वेदिक औषध. बरीच वर्षं भांडण चाललं. शेवटी सुप्रीम कोर्टानंही औषधच म्हटलं.

सोनल: म्हणजे नागपुरात कारखाना असलेली आपली क्रीम, तीही या खेळातून बाद?

मंगलाकाकू: कोर्टाचं कोर्टापाशी. मी तं लिपस्टिकच्या बाजूलेच ठेवतो. गिऱ्हाईक तिथंच हात घालते.

पिंटू: आजी म्हणून रायली, त्या सिरियलवाल्यायले बरणी पाहिजे असन तं सांगा. बटनं काढून देतो म्हणते. पण वापस पाहिजे.