४८ लावलं म्हणजे झालं?

रामबागकर: वर एका भियांनी लिहिलंय, "ओएसपीएफ, बीजीपी (राउटर एकमेकांना रस्ते सांगतात ते प्रोटोकॉल) यांच्या पॅकेटांना राउटर स्वतःच ४८ (पॅकेट किती महत्त्वाचं ते सांगणारा डीएससीपीचा आकडा) लावतो. हात लावू नका. लाइन कमी पडली तर मोठी घ्या." हाच सल्ला ऐकून मी चार रात्री जागलोय. इंदूरमधल्या पलासियाचं ऑफिस आणि देवासचं गोदाम, मध्ये १० एमबीपीएसची लाइन. रात्री ११ला बॅकअप सुरू झाला की पलीकडचा राउटर गायब. हॅलो (राउटरचा 'मी आहे' असा निरोप) दर १० सेकंदांनी, ४० सेकंदांत एकही पोचला नाही की शेजार (दोन राउटरांची जोडणी) तुटला. रूट गेला की बॅकअप थांबतो, लाइन मोकळी होते, शेजार जुळतो, बॅकअप परत सुरू. लॉगमध्ये पानंच्या पानं 'डेड टायमर एक्स्पायर्ड'. आणि प्रत्येक हॅलोवर ४८ होतंच!

देवासनाका: अहो, तुमचा पोर्ट १००चा, लाइन १०ची. तुमच्याकडे रांग लागणार कुठून? पॅकेट प्रोव्हायडरच्या डब्यात मरत होती, आणि तिथे तुमचं ४८ कोणी बघत नाही. शेपिंग लावा, म्हणजे राउटरनेच लाइनपेक्षा जरा कमी वेगाने पाठवायचं, रांग तुमच्या राउटरवर आणा, तिथे ४८ला आधी सोडा.

रामबागकर: शेवटी तेच केलं, साडेनऊ एमबीपीएसवर. तेव्हापासून शेजार तुटलेला नाही. पण म्हणजे हात लावावाच लागला ना?

फोनवाली ताई: माझं दुखणं वेगळं आहे. सियागंजच्या एका पेढीत आधीच्या माणसाने सगळे फोन ४८वर टाकलेले, "आवाज साफ येतो" म्हणून. वर शेठजींचा लॅपटॉपही. त्यांनी व्हिडिओ अपलोड केला की राउटिंगचे हॅलो त्याच रांगेत मागे. आवाजाला ४६ आहे ना! ४८ फक्त नेटवर्कच्या कंट्रोलला, आरएफसी ४५९४ या इंटरनेटच्या मार्गदर्शक दस्तऐवजात २००६पासून लिहिलंय.

देवासनाका: शेठजींना नाही म्हणून दाखवा आधी. पगार तेच देतात.

फोनवाली ताई: म्हटलं! स्विचच्या पोर्टवर लॅपटॉपचं मार्किंग शून्य केलं, फोनचं ४६. तासाभरात शेठजींचा फोन, "मेरा नेट किसने काटा?" स्पीड टेस्ट त्यांच्यासमोर लावली, आकडा तोच. तुम्ही पगाराचं कारण पुढे करता म्हणून ही घाण पुढच्या माणसाच्या गळ्यात पडते.

देवासनाका: माझ्यावर कशाला चिडता? मीही लोकांचे लॅपटॉप ४८वर टाकलेत, तीन ठिकाणी. काढतो या रविवारी.

रामबागकर: ताई, ४६च्या रांगेला मर्यादा घातलीत का? नाहीतर स्ट्रिक्ट प्रायॉरिटीत (वरची रांग संपेपर्यंत खालच्यांना संधी नाही) तीच रांग बाकीच्यांना उपाशी ठेवेल.

फोनवाली ताई: ...नाही घातली. उद्या जाते.