सांगली, न्यू जर्सी, मेलबर्न: नातवंडांच्या मराठीच्या तासाची वेळ कशी धरावी?

सांगलीची आजी
जुलैपासून मी दर रविवारी सकाळी साडेसहाला व्हिडिओ कॉलवर दोन नातवंडांना मराठी वाचायला शिकवते. नात न्यू जर्सीत लेकीकडे, सात वर्षांची. तिथे शनिवारी रात्रीचे नऊ. नातू मेलबर्नला, नऊ वर्षांचा. तिथे रविवारी सकाळचे अकरा. ‘न्यू जर्सी साडेनऊ तास मागे, मेलबर्न साडेचार तास पुढे’ हे मी पाठच केलं होतं. तर ५ ऑक्टोबरला नातू एक तास आधीच येऊन एकटा बसला. ९ नोव्हेंबरला नात एक तास उशिरा आली, तोवर नातू गेलेला. ती रडली हो. दोघंही आपापल्या घड्याळाप्रमाणेच आली होती. मग एक आधी आणि एक नंतर, असं उलटसुलट का? आणि नेमकी वेळ कुणाची धरायची?

रात्रपाळी, पुणे
काकू, कुणीच चुकलं नाही. आपलं घड्याळ वर्षभर ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे असतं, ते हलत नाही. त्यांची हलतात. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मेलबर्नला उन्हाळी वेळ लागते, घड्याळ तासभर पुढे जातं. तिथे उन्हाळा येतो तेव्हा अमेरिकेत थंडी; नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथलं घड्याळ तासभर मागे येतं. म्हणून उलटसुलट. सध्या न्यू जर्सी साडेदहा तास मागे, मेलबर्न साडेपाच तास पुढे. आमच्या अमेरिकन शिफ्टची कॅबसुद्धा नोव्हेंबरपासून तासभर उशिरा येते.

एक बारकावा सांगतो. अमेरिकेत बदल रविवारी पहाटे दोनला होतो, म्हणजे आपल्याकडे दुपारच्या सुमारास. तुमचा तास तोवर संपलेला असतो, त्यामुळे फरक पुढच्या रविवारी कळतो. २ नोव्हेंबरला सगळं सुरळीत झालं ते त्यामुळे. मेलबर्नचा बदल मात्र तुमच्या तासाच्या आधीच झालेला असतो.

वेळ कुणाची धरायची? माझ्या मते ज्याला सर्वात कमी हलता येतं, त्याची. सात वर्षांच्या मुलीला रात्री नऊ उशीर होतो. न्यू जर्सीचे रात्रीचे साडेआठ कायम ठेवा. आत्ता तुमचे सकाळचे सात होतील, मार्चनंतर सहा. फोनच्या कॅलेंडरमध्ये दर आठवड्याचा कार्यक्रम लेकीलाच करू द्या, टाइम झोन ‘न्यूयॉर्क’ निवडून. आमंत्रण गेलं की प्रत्येकाच्या फोनवर त्याची वेळ आपोआप दिसेल.

मेलबर्नकर
म्हणजे सध्या इथे दुपारचे साडेबारा. आमच्या घरी तरी रविवारचं जेवण एकनंतर असतं, चालून जाईल. एप्रिलच्या पहिल्या रविवारी आमचं घड्याळ मागे येतं, मग साडेदहा. मधल्या काळाकडे लक्ष ठेवा: मार्चच्या दुसऱ्या रविवारनंतर एप्रिल लागेपर्यंत आणि ऑक्टोबरमध्ये साडेअकरा पडतील. आणि ब्रिस्बेनला नातेवाईक असतील तर त्यांना हे लावू नका, क्वीन्सलँडमध्ये घड्याळ बदलत नाही.

सांगलीची आजी
फार उपकार झाले. मी आपलं स्वतःचं साडेसहा धरून बसले होते. खरं तर मी पाचलाच उठते, मला सहा काय नि सात काय. वडील सांगायचे, त्यांच्या तरुणपणी मुंबईचं घड्याळ बाकी देशाच्या ३९ मिनिटं मागे असायचं आणि गाडीची वेळ विचारताना ‘कुठल्या टायमाने?’ असं विचारावं लागायचं. ते आज आठवलं.

लेकीने काल रात्रीच कॅलेंडरात घातलं. आज सातला दोघंही समोर होती. नातीने ‘चंद्र’ वाचला, नातवाला ‘द्र’ अडला तर तिने सांगितला. ८ मार्चला अमेरिकेचं घड्याळ पुढे जाईल, म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर १५ मार्चभोवती लाल गोल केलाय: ‘आजपासून सहाला’. बरोबर ना?

रात्रपाळी, पुणे
अगदी बरोबर. ५ एप्रिललाही एक गोल करा, नातवासाठी.