रस्त्यावरील दिव्यांसाठी सोडियम घ्यावा की मेटल हॅलाइड? (मदत हवी आहे)

नमस्कार.

एका वसाहतीच्या अंतर्गत रस्त्यांवरील दिव्यांची देखभाल नुकतीच माझ्याकडे आली आहे. खांब दहा मीटर उंचीचे असून त्यांवर २५० वॅटचे, पिवळसर उजेडाचे उच्चदाब सोडियम दिवे आहेत. चौकातील दोन खांबांवर वायरमनने सोडियमच्या जागी २५० वॅटचे मेटल हॅलाइड दिवे लावून पाहिले. होल्डर तोच ई-४० (मोठ्या आट्यांचा), चोक (दिव्याचा प्रवाह मर्यादित ठेवणारा) आणि इग्नायटरही (दिवा पेटवण्यासाठी उच्च व्होल्टचे ठोके देणारा) तेच. दिवे लागले, आणि तेव्हापासून रहिवासी म्हणू लागले आहेत की सगळीकडे हेच पांढरे दिवे लावा, कारण यांचा उजेड जास्त आहे.

मी लक्समीटर (पृष्ठभागावर पडणारा उजेड मोजणारे यंत्र) आणून मोजले. नवीन सोडियम दिव्याच्या खांबाखाली ३४ लक्स आणि हॅलाइडच्या खांबाखाली ३१ लक्स, म्हणजे मीटरच्या मते सोडियमच सरस आहे. मात्र निळा आणि काळा असे दोन कागद घेऊन सोडियमखाली उभा राहिलो, तेव्हा कोणता निळा आणि कोणता काळा हे मला सांगता येईना. चौकात गेल्याबरोबर ते लगेच वेगळे दिसले. आता मीटरवर विश्वास ठेवावा की डोळ्यांवर, हा माझा पहिला प्रश्न आहे. दुसरा असा, की एकाच चोकवर दोन्ही प्रकारचे दिवे चालवणे योग्य आहे का? तिसरा प्रश्न आयुष्याचा: कोणता दिवा किती काळ टिकेल? शिवाय धुक्यात पिवळा प्रकाश जास्त लांब जातो असे सर्वजण ठामपणे सांगतात, त्यात कितपत तथ्य आहे?

एलईडी लावा, हे उत्तर मला ठाऊक आहे आणि ते चुकीचेही नाही. परंतु फिटिंग आणि चोक चांगल्या स्थितीत असल्यामुळे पुढील काही वर्षे तरी निवड या दोहोंतूनच करायची आहे.

प्रतिसाद १

आपला मीटर खोटे बोलत नाही आणि डोळेही नाहीत. दोघे वेगवेगळ्या गोष्टी मोजत आहेत. लक्स (जागेवर पडणारा उजेड) आणि ल्युमेन (दिव्यातून निघणारा एकूण प्रकाश) ही एकके दिवसाच्या दृष्टीवर बेतलेली आहेत. भरपूर उजेडात डोळ्यातील शंकूपेशी काम करतात आणि त्यांची संवेदनशीलता ५५५ नॅनोमीटरला, म्हणजे हिरवट पिवळ्या रंगाला, सर्वाधिक असते. उजेड कमी होत गेला की दंडपेशींचा वाटा वाढू लागतो आणि त्यांचा कल ५०७ नॅनोमीटरच्या निळसर हिरव्याकडे असतो. सोडियमचा बहुतेक प्रकाश पिवळ्या आणि नारिंगी भागात असल्याने मीटर त्याला भरभरून गुण देतो, तर हॅलाइडमधील निळसर भागाला त्याच्याकडे फारसे मोल नाही.

मात्र यावरून पांढरा प्रकाश रात्री दुप्पट उपयोगी असतो असा निष्कर्ष काढला जातो, तो मला मान्य नाही. चांगल्या उजळलेल्या रस्त्याची दीप्ती (पृष्ठभाग डोळ्याला किती उजळ दिसतो ते) चौरस मीटरला १ कँडेलाच्या आसपास असते आणि तेवढ्या उजेडात दंडपेशींमुळे पडणारा फरक काही टक्क्यांपलीकडे जात नाही. उजेड त्याहून बराच कमी असेल, जसे की पायवाटेवर, तेव्हाच तो लक्षणीय होतो. शिवाय दृष्टीच्या अगदी मध्यबिंदूत दंडपेशी नसतातच. त्यामुळे समोर रोखून पाहणाऱ्या चालकाला याचा लाभ होत नाही. बाजूने अचानक कोणी रस्त्यात आले तर ते डोळ्याच्या कोपऱ्यातून लवकर टिपले जाते, एवढाच तो लाभ आहे.

रंगांची गोष्ट निराळी आहे आणि तिथे सोडियमच्या बाजूने बोलण्यासारखे काहीच नाही. उच्चदाब सोडियमचा सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा १०० पैकी अंक) २० ते २५, साध्या हॅलाइडचा साधारण ६५ ते ७०, आणि सिरॅमिक आर्क ट्यूब (दिव्याच्या आतली, जिच्यात प्रकाश देणारी विद्युत ज्योत म्हणजे आर्क पेटते ती नळी) असलेल्या हॅलाइडचा ८० किंवा त्याहून अधिक असतो. जिथे चेहरा, कपड्याचा किंवा गाडीचा रंग ओळखता येणे महत्त्वाचे आहे तिथे हॅलाइड. जिथे केवळ वाहने पुढे सरकत राहतात तिथे सोडियम, असे मी करीन.

आपल्या आकड्यांत मला एक गोष्ट खटकते. २५० वॅटचा सोडियम दिवा सुमारे २८,००० ल्युमेन देतो आणि साधा क्वार्ट्झ ट्यूबचा २५० वॅटचा हॅलाइड सुमारे २०,०००. म्हणजे तफावत तीस टक्क्यांच्या जवळपास दिसायला हवी होती, आपल्याकडे ती दहा टक्केसुद्धा नाही. आर्क ट्यूबची लांबी आणि जागा वेगळी असल्याने परावर्तकातून प्रकाश वेगळ्या रीतीने पसरतो, हे खरे. एका बिंदूवरच्या मोजणीवर मी फार भर देणार नाही. तरीही खोक्यावर छापलेला अँपिअरचा आकडा जरूर पाहा. २५० वॅटच्या हॅलाइडमध्ये दोन घराणी आहेत: एक सोडियमच्या चोकवर चालणारे, सुमारे ३ अँपिअरचे, आणि दुसरे जुन्या मर्क्युरी दिव्याच्या चोकसाठी बनवलेले, सुमारे २.१ अँपिअरचे. होल्डर दोघांचाही तोच असतो, त्यामुळे दिवा बसला म्हणजे जुळला असे समजू नये.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. मी देखभालीच्या बाजूने लिहितो, कारण शिडीवर चढणाऱ्याला लक्सपेक्षा तेच अधिक छळते.

चांगला सोडियम दिवा २४,००० तास सहज काढतो, म्हणजे रोज बारा तास धरले तर पाच वर्षांहून जास्त, आणि तोवर त्याचा उजेडही फारसा उतरत नाही. साधा हॅलाइड त्याच्या निम्म्यापर्यंत गेला तरी पुष्कळ, आणि त्याचा उजेड बराच आधी मंदावतो. वर रंगही भरकटतो: एकाच दिवशी लावलेले चार दिवे वर्षभराने पाहिले तर एक हिरवट, एक गुलाबीसर असे दिसू लागतात. सिरॅमिक हॅलाइड या दोन्ही बाबतींत पुष्कळच सुधारलेला आहे, म्हणून हॅलाइड घ्यायचाच असेल तर तोच घ्यावा.

वीज क्षणभर जाऊन आली तर सोडियम एकदोन मिनिटांत पुन्हा पेटतो. गरम हॅलाइडला पाच ते पंधरा मिनिटे थंड व्हावे लागते आणि तोवर चौक अंधारात राहतो. चौकात चारही खांब हॅलाइडचे न करता एक सोडियमचा ठेवावा, असे मी म्हणेन.

सोडियम दिवा म्हातारा झाला की लागतो, दहा-पंधरा मिनिटांनी विझतो, थंड होऊन परत लागतो, आणि रात्रभर हेच चालते. अनेकजण अशा वेळी इग्नायटर बदलतात आणि तरीही खेळ थांबत नाही. वयाबरोबर दिव्याचे व्होल्टेज वाढत जाते; नवीन असताना १०० च्या आसपास असलेले ते इतके चढते की चोकला आर्क टिकवता येत नाही. दिवाच बदलावा. हे व्होल्टेज मोजण्याचा मोह आवरावा, कारण मोजताना दिवा विझला तर इग्नायटरचे काही हजार व्होल्टचे ठोके सरळ मीटरवर येतात.

धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असतात, त्यामुळे ते सर्व रंग जवळपास सारखेच विखुरतात. पिवळा प्रकाश धुके भेदतो, यात तथ्य नाही. स्वच्छ हवेत मात्र निळा भाग जास्त विखुरतो आणि आकाश उजळते, हा पांढऱ्या दिव्याचा दोष खरा आहे.

आणखी एक. क्वार्ट्झ हॅलाइडची आर्क ट्यूब आयुष्याच्या शेवटी फुटू शकते, म्हणून तो शाबूत काचेच्या बंद फिटिंगमध्येच असावा. काच आतून-बाहेरून पुसून पुन्हा एकदा लक्स मोजून पाहा. धुळीने किती उजेड खाल्ला होता हे त्यातूनच कळेल.

धागाकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. आज खोके शोधून काढले. त्यावर २.१५ अँपिअर छापले आहे आणि चोकच्या पट्टीवर ३ अँपिअर. म्हणजे रहिवाशांना ज्या उजेडाचे कौतुक होते तो दिव्याला क्षमतेपेक्षा जास्त जाळून मिळत होता. एका फिटिंगच्या काचेची क्लिपही तुटलेली निघाली. दोन्ही खांबांवरील दिवे काढून तूर्त जुने सोडियम परत लावले आहेत. चौकाच्या तीन खांबांसाठी सोडियमच्या चोकवर चालणारे सिरॅमिक दिवे मागवत आहे. या वेळी अँपिअर आणि दिवा कोणत्या स्थितीत बसवायचा, आडवा की उभा, हे दोन्ही आधी वाचून. चौथा खांब सोडियमचाच राहील आणि उरलेल्या रस्त्यांवर काहीही बदलणार नाही. काचा पुसण्याचे काम उद्यापासून सुरू करतो.