जिवाची हेळसांड आणि आत्महत्येबद्दलची कुजबुज : आपले अनुभव

शिवाजी पेठकर
परवा गल्लीत एका परिचितांच्या तेराव्याला गेलो होतो. तंबाखू-सुपारीच्या माव्यापायी तोंडाच्या कर्करोगाने गेलेल्या त्या माणसाविषयी सगळे "दिलदार होता" असे मोकळेपणाने बोलत होते, आणि मला आत्महत्या केलेल्या माझ्या काकांचे दिवस आठवले. तेव्हा घरात "हार्ट अटॅक" असे सांगायचे ठरले, कार्य घाईने उरकले गेले आणि काकूंसमोर त्यांचे नावही कोणी घेईना. चुलतबहिणीला स्थळे येऊ लागल्यावर मात्र तोच विषय चौकशीत हमखास निघे. आपले अनुभव लिहावेत, ही विनंती.

उद्यमनगरवाला
फौंड्रीत रात्रपाळीला झोप आवरण्यासाठी मावा मळला जायचा, आणि तो नाकारणे म्हणजे संगत नाकारणे होते. राज्यात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, पण सुपारी, तंबाखू आणि चुना समोर घोटून देणारी टपरी तिथेच राहिली. माझे तोंड आता पुरते उघडत नाही; भाकरी आमटीत भिजवून खावी लागते आणि तांबडा रस्सा तर जिभेला लावताच येत नाही. तंबाखू नसली तरी नुसत्या सुपारीनेही गाल आतून असे आखडतात, हे डॉक्टरांनी सांगितले. सोडल्यावर मित्र म्हणाले, "भावा, एवढा जिवाला जपाय लागलास व्हय?" जपणे ही थट्टेची गोष्ट कधी झाली, कोण जाणे.

राजारामपुरीची सून
आम्हा बायकांच्या हेळसांडीला तर त्यागाचे नाव मिळते. सासूबाई मधुमेह असूनही नवरात्राचे उपवास करीत आणि गोळ्या बंद ठेवीत. त्या चक्कर येऊन पडल्या तरी शेजारणी त्यांच्या निष्ठेचेच कौतुक करीत होत्या. पलीकडच्या घरातल्या मुलीने जीव देण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्याच शेजारणी "आईबापाचा विचार केला नाही" म्हणाल्या. तिला काय होत होते, हे त्यांतल्या एकीनेही विचारले नाही.

वकिली करणारा
या कुजबुजीमागे कायद्याची जुनी भीतीही आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ साली मारुती दुबळ प्रकरणात आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा मानणारे भारतीय दंड संहितेचे कलम ३०९ घटनाबाह्य ठरवले; सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये तसाच निर्णय दिला, पण १९९६ मध्ये ग्यान कौर प्रकरणात तो फिरवला. पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असे ठरवले की प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरावे, आणि तिची काळजी व उपचार ही सरकारची जबाबदारी राहील. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने कलम उरलेले नाही. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा आहे. तरीही नातेवाईक "अपघात लिहा" म्हणून हात जोडतात, आणि रुग्णाचे मानसोपचार तिथेच राहून जातात.

नाव नको
मी अशा प्रयत्नातून वाचलो आहे. भेटायला येणारे शहाळी आणत आणि पावसापाण्यावर बोलून उठत. आत्याने मात्र दार लावून सरळ विचारले, "परत तसं मनात येतंय का रे?" आणि मी पहिल्यांदा खरे बोललो. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत अभ्यासांत खरी ठरलेली नाही. ज्यांच्या घरी अशी आत्या नाही, त्यांच्यासाठी सरकारची टेलिमानस ही मानसिक आधार देणारी फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र आणि मोफत आहे.

उद्यमनगरवाला
आत्यांना माझा नमस्कार सांगा. ताई, सासूबाईंच्या गोळ्यांचे पुढे काय झाले?

राजारामपुरीची सून
आता उपवासाआधी त्यांना डॉक्टरांकडे नेते. ते सांगतील तेवढेच उपवास होतात. शेजारणींना हे अजून पटलेले नाही.

शिवाजी पेठकर
वकीलसाहेब, दवाखान्यातून पोलिसांना तर कळवतातच ना?

वकिली करणारा
कळवतात, पण ती नोंद म्हणजे आरोप नव्हे. डॉक्टरांना खरे कारण सांगितले, तर मानसोपचारतज्ज्ञांना बोलावता येते.