गोड परफ्यूम: कुठलं कधी लावता? अनुभव लिहा

लॅन्कमचं ला वी ए बेल आणि वायएसएलचं ब्लॅक ओपियम, दोन्ही घरात आहेत (एक नणंदेने दुबईहून आणलंय) आणि दोन्ही गोडच, त्यामुळे कुठे जायचं म्हटलं की आधी हाच घोळ. माझं साधारण असं, ला वीमध्ये आयरिस (एक फूल) असल्याने गोडव्याला जरा पावडरीचा वास येतो, ते दिवसा, बारशाला वगैरे. ओपियम कॉफी-व्हॅनिलावालं, ते रात्रीच्या रिसेप्शनला. ऑक्टोबर हीटमध्ये दोन्ही कपाटात. तुमचं सांगा, घरच्यांच्या नाकांसकट!

---

सकाळच्या लोकलला ओपियम नको गं बाई. उकाड्यात वास भराभर उडतो, सगळा भपकारा एकदमच बाहेर येतो आणि शेजारची खिडकीकडे तोंड करून बसते. ला वीचा एकच स्प्रे, तोही घरातून निघायच्या बराच आधी. पावसाळ्यात मात्र मला ओपियमच आवडतं, एसी ऑफिसात दिवसभर मंद येत राहतं.

---

दोन्ही नाही. मोगऱ्याचा गजरा. विषय संपला.

---

पुरुषाने लिहिलं तर चालेल ना? मी हिवाळ्यात बिनधास्त बायकोचं ओपियम मारतो. या सगळ्या गोड खानदानाचं मूळ म्हणजे म्यूग्लेरचं एंजल, 1992 चं. त्यात एथिल माल्टॉल, म्हणजे जत्रेतल्या बुढ्ढी के बालाचा वास, आणि खाली दणकून पॅचुली, म्हणजे मातकट वासाचं पानांचं तेल. पॅचुली तुमच्या दोन्हीतही आहे, म्हणून तर नुसता साखरेचा पाक वाटत नाही. नाशिकच्या जानेवारीत स्वेटरवर मारा, दुसऱ्या दिवशीही येतो.

---

स्वेटर ठीक, पैठणीवर नको हं, रेशमावर डाग पडतो. साडी नेसायच्या आधी मनगटाला, मानेला लावायचं आणि वाळू द्यायचं. बाकी आमच्या सासूबाईंचं गणित सोपं, थंडीत हिना, उन्हाळ्यात वाळा. हळदीकुंकवाला माझं ओपियम हुंगून म्हणाल्या, "केक कुठे ठेवलायस?" तेव्हापासून घरच्या कार्यक्रमाला ला वी.

---

कॅनडातून. ऑफिसात सेंट-फ्री पॉलिसी, म्हणजे सोमवार ते शुक्रवार प्रश्नच मिटला. बाहेर उणे वीसमध्ये ला वी लावलंय की नाही ते मलाच कळत नाही, म्हणून स्कार्फवर मारते. मंडळाच्या संक्रांतीला मात्र ओपियमच, हॉलमध्ये हीटर फुल आणि मागे साबुदाणा वडे तळणं चालू, तिथे ला वीचा काय निभाव लागणार!