जाब, उद्धट, आगाऊ: पोरीने पुढाऱ्याला विचारलं, त्याला म्हणायचं काय?

नदीकाठ:
आधी १ मेच्या ग्रामसभेत झालं ते सांगतो, मग शब्दांकडे येऊ. माझी पुतणी वीस वर्षांची, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. तालुक्यातले एक पुढारी माइकवर योजनांची यादी वाचत होते. ही मधेच उठली. "टाकी बांधून तीन वर्षं झाली. पाणीपट्टीची पावती दरवर्षी येते, पाणी एकदाही आलं नाही. नारळ तुम्ही फोडलात, आता पाणी कधी येणार तेही तुम्हीच सांगा." एवढंच बोलली आणि खाली बसली.

मागून एक आजोबा म्हणाले, "लहान तोंडी मोठा घास." त्यांच्या शेजारचे म्हणाले, "उद्धट हाय पोरगी." घरी आल्यावर माझी आई, "आगाऊपणा कशाला केलास?" आणि रात्री हिच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर, "काय जाब विचारलास गं!" वाक्यं तीच, नावं चार. यातलं बरोबर कुठलं?

खडूस मास्तर:
'उद्धट' आला संस्कृत 'उद्धत'वरून. उद्धत म्हणजे वर उसळलेला, ताठलेला. म्हणजे माणूस काय बोलला याच्याशी या शब्दाला फारसं देणंघेणं नाही, मान कशी होती एवढंच तो बघतो. मान खाली घालून तीच वाक्यं म्हटली असती तर कुणी उद्धट म्हटलं नसतं. अर्थात कुणी ऐकलंही नसतं.

'आगाऊ' जास्त मजेदार आहे. आगाऊ रक्कम, आगाऊ सूचना, यात वाईट काही नाही. पुढचं, वेळेआधीचं, एवढाच अर्थ. माणसाला लावला की मात्र शिवी होते: तुझी पाळी यायच्या आधी बोललीस. मग पाळी येते कधी? मतदानाचं वय २१ वरून १८ वर आणणारी ६१ वी घटनादुरुस्ती २८ मार्च १९८९ पासून लागू आहे. गावच्या मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सभासद. २१ पूर्ण झाली की सरपंचपदाला उभं राहता येतं. म्हणजे तुमची पुतणी पुढच्या वर्षी त्याच टेबलामागे बसू शकते. तिला आगाऊ म्हणायचं तर मतदारयादीलाच म्हणावं लागेल.

वऱ्हाडी ठेचा:
आमच्या इकडे म्हटलं असतं, "पोट्टी लय शायनी हाये." शहाणी हा कौतुकाचा शब्द, पण पोरीबद्दल बोलताना त्याची शिवी व्हायला वेळ लागत नाही.

माझं म्हणणं असं की, आपल्याकडचे हे शब्द बोलण्याला लागत नाहीत, बोलणाऱ्याच्या वयाला लागतात. हीच वाक्यं निवृत्त हेडमास्तर बोलले असते तर 'परखड'. वकील बोलला असता तर 'सडेतोड'. चाळिशीतला शेतकरी बोलला असता तर 'रोखठोक'. पंचविशीच्या आतला कुणीही असला तर 'उद्धट', आणि बाई कुठल्याही वयाची असो, 'फटकळ'. 'फटकळ साहेब' असं कुणाच्या तोंडून ऐकलंय का तुम्ही?

ओसरीवरून:
मला हे एकतर्फी वाटतं. विचारण्याला रीत असते. पोराटोरांच्या हातात माइक दिला की बघता बघता हुर्यो उडवणं सुरू होतं. प्रश्न बाजूला राहतो, टर उडते, दोन शिट्ट्या वाजतात, त्याचा व्हिडिओ फिरतो. आणि ज्याला उत्तर द्यायचंच नसतं तो पुढारी "वातावरण बिघडलं" म्हणत गाडीत बसतो. त्याची सोयच झाली.

वऱ्हाडी ठेचा:
हुर्यो उडवणं काही आजच्या पोरांनी काढलेलं नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत, २० नोव्हेंबर १९५५ ला, मुंबईत चौपाटीवर काँग्रेसचे पुढारी मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांची सभा लोकांनी उधळली, तेव्हा मोबाइल नव्हते. आज आपण तो प्रसंग अभिमानाने सांगतो. 'उधळणे' हे क्रियापदही बघा: घोडा उधळतो, गुलाल उधळतात, बापाचा पैसा उधळतात, सभा उधळतात. कुठे आनंद, कुठे नासाडी.

पण मान्य, सभा उधळणं वेगळं आणि जाब विचारणं वेगळं. उधळणाऱ्याला उत्तर नको असतं. ही पोरगी विचारून खाली बसली, म्हणजे तिला ते हवं होतं.

खडूस मास्तर:
हेच लिहायला परत आलो. 'जाब' म्हणजे अरबी 'जवाब', फारसीतून आपल्याकडे आला आणि मधला 'व' गिळून बसला. त्याचाच भाऊ 'जबाब', तो पोलिस ठाण्यात नोंदवतात. जुन्या कागदांत 'जाबसाल' भेटतो, म्हणजे सवालजवाब. पण घरातला खरा कर्ता भाऊ आहे 'जबाबदार'. जमीनदाराकडे जमीन असते, दुकानदाराकडे दुकान, तसा जबाबदाराकडे जबाब असायला हवा. नारळ फोडताना जो स्वतःला जबाबदार म्हणवून घेतो, त्याला जाब विचारला तर त्याच्याच बिरुदातला अर्धा भाग त्याच्याकडे मागितला.

म्हणून या शब्दात विचारणाऱ्याचं वय कुठेच येत नाही. समोरचा देणं लागतो, एवढंच त्यात गृहीत आहे. उसने दिलेले पैसे परत मागायला आलेल्या पोराला कुणी "तू लहान आहेस" म्हणून नाकारत नाही. म्हणजे नाकारतात, पण नाकारणारा बुडव्या ठरतो.

ओसरीवरून:
तरी मोठ्यांचा मान म्हणून काही असतो की नाही? 'बालादपि सुभाषितम्', चांगलं बोल लहानाकडूनही घ्यावं, हे ऐकलंय मीही. पण तिथे सुभाषित म्हटलंय, जाब नाही.

माहेरवाशीण:
मान कुणाचा, ते आपण त्या माणसाला हाक काय मारतो त्यावर ठरतं. आपल्याकडे आमदार, खासदार, सभापती कुणी उरलेलेच नाहीत. सगळे दादा, भाऊ, ताई, अण्णा, फार तर साहेब. फलकावरही तेच. एकदा दादा म्हटलं की तो थोरला भाऊ झाला, आणि थोरल्या भावाला चारचौघांत हिशेब विचारणारी धाकटी बहीण उद्धट ठरणारच. सगळा घोळ तिथे आहे. विधानसभेत भर गदारोळातही सभासद 'अध्यक्ष महोदय' म्हणून बोलायला उभा राहतो, तिथे कुणी कुणाचा काका नसतो, म्हणून तिथे कितीही बोचरं विचारता येतं.

नदीकाठ, तुमच्या पुतणीने हाक काय मारली होती?

नदीकाठ:
काहीच नाही. आता आठवतंय, बाकी सगळे 'भाऊ, भाऊ' करत होते, ही सरळ 'तुम्ही'वर आली. अहोजाहो होतं, नातं नव्हतं. आजोबांना तेच टोचलं असावं.

अजून एक राहिलं. चार दिवसांनी ती पंचायतीत गेली आणि प्रोसिडिंगचं रजिस्टर बघायला मागितलं. त्यात लिहिलं होतं, "एका युवतीने पाणीपुरवठ्याबाबत विनंती केली." ती म्हणाली, मी विनंती केलीच नव्हती. ग्रामसेवक म्हणाले, अगं, तसंच लिहायची पद्धत असते. ती म्हणाली, मग 'जाब विचारला' लिहा. ते म्हणाले, जाब नको, साहेब वाचतात. पंधरा मिनिटं घासाघीस चालली. शेवटी त्यांनी 'विनंती' खोडून वर 'विचारणा' लिहिलं आणि खाडाखोडीवर सही केली. 'एका युवतीने'च्या जागी स्वतःचं नावही घालून घेऊन आली.

पाणी अजून आलेलं नाही.